गंगेच्या काठची पांढर ढासळतेय : तातडीचा पैसा कोणाकडे, किती आणि कशासाठी मागायचा?

(चर्चामंचावरचा धागा. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

पांढरीवाला

गाव परभणी जिल्ह्यात, गंगेच्या (गोदावरीच्या) काठाला. उगवतीला पांढरीचं, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीचं, टेकाड आहे. नदीकडची बाजू साधारण ६० मीटर लांब आणि ४ मीटर उंच. पुरात ती कापली गेली आणि आता सरळ कडा उभा आहे. कड्यात विटांचे थर, राखेचे पट्टे, खापरं आणि भाजक्या मातीच्या कड्यांची (एकावर एक गोल वळ्यांची) एक विहीर उघडी दिसते. दुसऱ्या अंगानं ट्रॅक्टर लावून पांढरी माती नेणं चालूच आहे. शिवाय गावात एक जुनी बारव (पायऱ्यांची विहीर) आहे, तिची १२ मीटरची एक भिंत पोट सोडून पुढं आलीय. दोन्ही ठिकाणं कुठल्याच संरक्षित यादीत नाहीत.

गावाचं मत असं, की वर्गणी काढावी आणि सिमेंटची भिंत घालून मोकळं व्हावं. तातडीचा निधी असा काही असतो का? असला तर अर्ज कुणाकडे करायचा?

आठ-अ

निधीच्या आधी जागा कुणाची ते बघा. टेकाडाचा सातबारा काढा, बारवेचा उतारा काढा. गावठाणात असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा किंवा आखीव पत्रिका (मिळकत पत्रिका). खासगी, गायरान, देवस्थान इनाम की ग्रामपंचायत, यावर पुढचा अर्ज ठरतो. मालकाच्या संमतीशिवाय कुणीच पैसा देत नाही. निम्मे अर्ज इथंच परत येतात.

दुसरं म्हणजे दर्जा. केंद्र संरक्षित स्थळावर १९५८ चा कायदा लागतो. २०१० च्या दुरुस्तीनंतर १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई, त्यापुढं २०० मीटर नियंत्रित. काम भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण करतं. राज्य संरक्षित असेल तर १९६० चा महाराष्ट्राचा अधिनियम आणि राज्याचं पुरातत्त्व संचालनालय. मराठवाड्यासाठी सहायक संचालकांची कार्यालयं छत्रपती संभाजीनगर आणि नांदेडला आहेत, परभणीकरांनी नांदेड धरावं. तुमचं तिसऱ्या वर्गात येतं, म्हणजे असंरक्षित. तिथं खात्याच्या निधीवर हक्क नाही, पण खात्याच्या परवानगीवाचून दगडाला हात लावायचा नाही अशी अडचणही नाही. ग्रामसभेचा ठराव आणि मालकाची संमती यावर आधार देण्याचं काम उद्या सुरू होऊ शकतं.

संरक्षणाचा प्रस्ताव मात्र आजच टाका. प्राथमिक अधिसूचना, दोन महिने हरकती, मग अंतिम अधिसूचना, असा तो रस्ता आहे. प्रत्यक्षात किती लांबतो ते विचारू नका.

ताळेबंद

पैशाचं मी सांगतो. आधी ज्या दारांत जाऊन वेळ घालवू नये ती दारं.

युनेस्कोच्या जागतिक वारसा निधीत तातडीची मदत नावाचा प्रकार खरंच आहे, पण तो यादीतल्या स्थळांसाठी. मराठवाड्यात अशी दोनच, अजिंठा आणि वेरूळ, दोन्ही १९८३ ची. आणि तिथंही अर्ज देश करतो, गाव नव्हे. जिनिव्हाचा अलिफ निधी २०१७ चा, त्याचा मूळ भर युद्धग्रस्त भागांवर. वर्ल्ड मॉन्युमेंट्स वॉच ही धोक्यातल्या वारसास्थळांची, नामांकनानं बनणारी यादी आहे, साधारण दोन वर्षांतून एकदा निघते. प्रसिद्धी मिळते, उद्याच्या पावसाला कामाची नाही. आणि परदेशी देणगीला एफसीआरए (परदेशी देणगी नियमन कायदा) खाली नोंदणी लागते. त्यासाठी संस्था किमान ३ वर्षं जुनी हवी, मागच्या ३ वर्षांत तिनं १५ लाख आपल्या कामावर खर्चलेले हवेत, आणि पैसे दिल्लीच्या स्टेट बँकेतल्या ठरलेल्या शाखेतल्या खात्यातच येतात. गावची उत्सव समिती यात बसत नाही. बाहेरून परस्पर पैसे घेतले तर तो गुन्हा आहे.

राष्ट्रीय संस्कृती निधी १९९६ चा. देणगीला आयकराच्या ८०-जी खाली १०० टक्के वजावट आहे, पण देणगीदार, निधी आणि स्मारक सांभाळणारी यंत्रणा असा करार लागतो. असंरक्षित टेकाडाला तो अंगरखा मोठा होतो.

जिल्हा वार्षिक योजनेतून गडकिल्ले, मंदिरं आणि संरक्षित स्मारकांसाठी ३ टक्क्यांपर्यंत निधी ठेवता येतो. हा खरा पैसा आहे. पण ‘संरक्षित’ हा शब्द लक्षात घ्या. शिवाय प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश या चार पायऱ्या आणि शेवटी मार्चअखेर. जुलैत ढासळणाऱ्या कड्याला हा पैसा पुढच्या वर्षी भेटतो.

राहिलं सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामावर करायचा खर्च. कंपनी कायदा २०१३, कलम १३५. ५०० कोटी नक्त मालमत्ता, १,००० कोटी उलाढाल किंवा ५ कोटी निव्वळ नफा यांपैकी एक जरी असेल तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करावे लागतात. सातव्या अनुसूचीत राष्ट्रीय वारसा आणि ऐतिहासिक महत्त्वाच्या वास्तू व स्थळांचं जतन स्पष्ट लिहिलेलं आहे. लोक मोठ्या कंपनीच्या मुंबई ऑफिसला पत्र धाडतात आणि वाट बघत बसतात. त्यापेक्षा वाळूज-शेंद्र्याच्या कारखान्यांपैकी किंवा जालन्याच्या स्टीलवाल्यांपैकी अशी कंपनी शोधा जिची वर्षाची सीएसआर रक्कम ५० लाखांच्या आत आहे. तिला सीएसआर समिती नेमावी लागत नाही, संचालक मंडळच थेट ठरवतं. एका बैठकीत काम होतं.

पैसा घेणारी संस्था मात्र पक्की हवी : १२-ए, ८०-जी, सीएसआर-१ नोंदणी आणि ३ वर्षांचा कामाचा अनुभव. अशी संस्था गावात नसेल तर जिल्ह्यात असलेली शोधून तिच्या मार्फत जा. नवीन काढत बसू नका.

पांढरीवाला

म्हणजे जुलै-ऑगस्टसाठी कुणीच नाही?

ताळेबंद

वर्गणी आणि ग्रामपंचायतीचा स्वनिधी. म्हणून मागणी लहान ठेवा. किती लहान ते चुनखडीताई सांगतील.

चुनखडी

पावसाळ्यात दुरुस्ती होत नसते हे एकदा मान्य केलं की खर्च एकदम खाली येतो. चुन्याचं काम दसरा-दिवाळीनंतर. संततधारेत ताजा चुना धुऊन जातो, आणि कळी (न विझलेला चुना) विझवून किमान तीन आठवडे तरी मुरवत ठेवावी लागते. आत्ता करायचं ते फक्त तीन प्रकारचं : आधार देणं, पाणी वळवणं, झाकणं. आणि जे घालू ते उद्या काढता आलं पाहिजे. अंदाजपत्रक दोन भागांत करा. भाग ‘अ’ तातडीचा, भाग ‘ब’ दुरुस्तीचा. दोन्ही एकत्र केले की आकडा पाहून साहेब फाईल वर पाठवतात आणि ‘अ’सुद्धा अडकतो.

आधी नदीचा कडा. कडा पुरात फारसा पडत नाही, पूर ओसरताना पडतो. पाणी चढलेलं असतं तेव्हा तेच पाणी कड्याला बाहेरून रेटून धरतं आणि माती आतपर्यंत भिजते. जायकवाडीचा विसर्ग थांबला की नदी झपाट्यानं उतरते, बाहेरचा रेटा जातो, आतलं पाणी तसंच राहतं, आणि पायथा आधीच पोखरलेला. मग वरून अख्खी फाक सुटते. त्या फाकेची रेघ आधीच दिसते : काठापासून हात-दोन हात मागं, काठाला समांतर भेग. ती दिसली की २ मीटरच्या आत माणूस-जनावर नको, दोरी बांधा.

म्हणून वर नाही, पायथ्याला काम. ६० मीटर लांबीत १ मीटर उंच आणि तळाला दीड मीटर रुंद असा तिरपा थर द्यायचा तर ४५ घनमीटर भरतात. सिमेंटची रिकामी पोती दोन-तृतीयांश मुरमानं भरली तर साधारण ४० ला एक घनमीटर, म्हणजे १,८०० पोती. मुरूम १६ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). पोत्यांखाली न विणलेलं जिओटेक्स्टाइल कापड, २०० ते ३०० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम), ४ मीटर रुंद, जोडाला ३० सेंटीमीटर चढवून. कापड नसेल तर पोत्यांच्या फटींतून बारीक माती निघून जाते आणि पोती जागेवर राहून मागं पोकळी होते. बाहेरून सगळं छान दिसतं, हाच त्यातला धोका.

पोती काठोकाठ भरू नका, दगडासारखी गोल होतात, बसत नाहीत. तोंड दुमडून आतल्या बाजूला, विटेसारखा सांधा मोडून रचा. नदीच्या वरच्या अंगाचं टोक काठात वळवून मिळवा. तिथं उघडं ठेवलं की पाणी पोत्यांच्या मागं शिरतं आणि पहिल्याच लोंढ्यात रांग जाते.

प्लॅस्टिकचं पोतं आपल्या उन्हाला एक उन्हाळा टिकत नाही, पापडासारखं तुटतं. म्हणजे हा एका पावसाळ्याचा उपाय. पुढं जाळीतले दगड : २×१×१ मीटरच्या पेट्या, एका ओळीला ३०, दगड २१ ब्रास, प्रत्येक दगड जाळीच्या भोकापेक्षा मोठा. ते भाग ‘ब’मध्ये.

कोरडवाहू

एवढं कशाला? पाटबंधारेवाल्यांना सांगा, पिचिंग (उताराला दगडाचं अस्तर) करून देतेत. पूरसंरक्षणात बसतंय की.

चुनखडी

बसतं, आणि तिथंच घात होतो. पूरसंरक्षणाच्या नेहमीच्या अंदाजपत्रकात पहिली बाब असते उतार नीट करणं. दीडास एक उतार धरला तर ४ मीटर उंचीला वरून ६ मीटर आत कापावं लागतं. ½ × ४ × ६ म्हणजे १२ चौरस मीटर, गुणिले ६०. ७२० घनमीटर, सुमारे २५० ब्रास पांढर सरकारी खर्चानं नदीत. नदीला एवढं कापायला बरीच वर्षं लागली असती. त्या खात्याकडून काम घ्या, माणसं चांगली असतात, पण ती एक बाब खोडून ‘मूळ कडा न कापता बाहेरच्या बाजूने भराव’ असं लिहून घ्या.

खापरखुंटी

कड्यातल्या विहिरीबद्दल. भाजक्या मातीच्या कड्यांच्या विहिरी आपल्याकडच्या जुन्या नगरांत सापडतात. पैठण, तेर, भोकरदन ही सातवाहनकाळातली व्यापारी ठाणी. पैठण आणि तेर (तगर) यांची नावं पेरिप्लस या जुन्या ग्रीक व्यापारी प्रवासवर्णनात आहेत. तुमचं टेकाड त्या काळातलं आहे असं मी म्हणत नाही, ते खापरं बघून जाणकार सांगतील. पण नोंद आजच करा. निधीच्या अर्जाला जोडायचा खरा पुरावा तोच.

कड्याला समोरून, काटकोनात फोटो. दर २ मीटरला एक, प्रत्येकात निम्मा भाग आधीच्या फोटोतला आला पाहिजे. सकाळचं किंवा ढगाळ ऊन घ्या, दुपारी सावल्या थर खातात. मोजपट्टी नसेल तर काठीवर दर १० सेंटीमीटरला लाल-पांढरे पट्टे रंगवा. दोन टोकांचे जीपीएस आकडे, नदीपात्रातून मोजलेली उंची, तारीख. दर पुरानंतर त्याच जागांवरून पुन्हा. दोन तारखांच्या फोटोंत कडा किती मागं सरकला हे मीटरमध्ये सांगता आलं, की ‘तातडी’ हा शब्द अर्जात वापरायची गरज उरत नाही.

आणि कडा खरवडून साफ करू नका. थर स्पष्ट दिसावेत म्हणून खुरपं घेऊन बसणारे उत्साही लोक प्रत्येक गावात असतात. कड्या उपटून देवळात नेऊन ठेवणं तर अजिबात नको. एकदा थरातून सुटलेली कडी म्हणजे नुसतं खापर. उत्खनन, अगदी वाचवण्यासाठी केलेलंसुद्धा, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या परवानगीशिवाय होत नाही. डेक्कन कॉलेज किंवा संभाजीनगरच्या विद्यापीठातला प्राचीन भारतीय संस्कृतीचा विभाग यांना फोटो पाठवा, परवाना तेच मागू शकतात.

खाली आपोआप पडलेलं गोळा करायचं तर पिशवीवर मीटरचा आकडा आणि तारीख लिहा. नाणी किंवा दागिना निघाला तर १८७८ चा निखात निधी (पुरलेलं धन) कायदा. १० रुपयांहून जास्त मोलाचं असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं बंधनकारक. दहा रुपये तेव्हाचे, आकडा आजही तोच.

रोमात

वाचनखूण साठवली आहे. बारवेचं कुणीतरी लिहा.

आठ-अ

त्याआधी ट्रॅक्टरचं. पांढरी म्हणजे शेकडो वर्षांची राख, शेण, हाडं, विरघळलेल्या मातीच्या भिंती. म्हणून ती रानात खतासारखी लागते, आणि माळवदावर (मातीच्या सपाट छतावर) टाकली की पाणी झिरपू देत नाही. घरच्या माळवदाला पाटीभर माती नेणाऱ्या म्हातारीच्या मागं लागू नका, गाव तुमच्या विरोधात जाईल. टिपर आणि जेसीबीवर या. जमीन महसूल संहिता १९६६, कलम ४८(७) : विनापरवाना गौण खनिज काढलं तर बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड, वाहन अडकवण्याची तरतूद पुढच्याच पोटकलमात. अधिकार तहसीलदारांचे. तक्रारीत ‘प्राचीन वारसा नष्ट होत आहे’ असं लिहाल तर ती पुरातत्त्वकडे वर्ग होऊन फिरत राहील. ‘गट क्रमांक अमुकमधून विनापरवाना उत्खनन, अंदाजे इतके ब्रास’ असं लिहा, वाहनाच्या क्रमांकासह फोटो जोडा. मग ती महसुलाची बाब होते आणि मंडळ अधिकारी पंचनाम्याला येतो.

या कामाला निधी शून्य रुपये लागतो, आणि बऱ्याच टेकाडांचं नुकसान नदीपेक्षा इथंच जास्त होतं.

चुनखडी

बारव. भिंत पोट का सोडते? या भिंती सहसा दोन तोंडांच्या : पुढं घडीव दगड, मागं दगडमातीचा भराव. वरून पाणी शिरतं, भराव फुगतो, पाझरायची भोकं गाळानं बुजलेली. त्यात मागं काळी माती. ती पावसात फुगते, चैत्र-वैशाखात आकसून हातभर भेगा पडतात, त्या भेगांत पुन्हा खडे-माती जाते आणि पुढच्या पावसात रेटा आणखी वाढतो. भिंत दर वर्षी थोडी पुढं येते, मागं कधीच जात नाही.

आधी हलतेय का ते बघा. भेगेवर काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना प्लॅस्टर ऑफ पॅरिसनं चिकटवा, तारीख लिहा. तडकली तर भिंत चालू आहे. धुळीवर किंवा शेवाळावर चिकटवली तर पट्टी नुसती निघून येते आणि वाटतं भिंत शांत आहे, म्हणून दगड घासून कोरडा करून मगच.

आधाराला पोत्यांचे तिरपे टेकू : प्रत्येक दीड मीटर रुंद, तळाला २ मीटर, उंची २ मीटर, म्हणजे ३ घनमीटर, १२० पोती. १२ मीटरला असे चार, ४८० पोती, मुरूम सव्वाचार ब्रास, सांडलवंड धरून पाच. पोतं आणि दगड यांत गोणपाट. खालचा पाया पायऱ्यांवर येत असेल तर आधी फळ्या. वरच्या काठापासून ३ मीटरपर्यंत पाणी येऊ नये असा मुरमाचा बांध आणि चर. ताडपत्री टाकाल तर भिंतीला चिकटवून नको, हवा खेळू द्या.

सगळ्यात मोठी चूक गाळ काढताना होते. मोटर लावून रात्रीत बारव कोरडी करतात. नदीच्या कड्यासारखंच : समोरचा रेटा गेला, मागचा राहिला, सकाळी भिंत तळात. पोट सुटलेल्या बारवेचं पाणी आत्ता उपसूच नका. पुढं उपसायचं तेव्हा दिवसाला हात-दीड हात, रोज काचपट्टी बघत. आणि काठावर जेसीबी उभं करायचं नाही.

भिंतीतलं पिंपळाचं झाड ओढू नका, मुळं दगड घेऊन येतात. खोड कापून ताज्या कापावर लगेच तणनाशक लावा, बारवेच्या पाण्यात थेंब पडू न देता. मुळं मेल्यावर काम ‘ब’मध्ये.

कोरडवाहू

सिमेंटचा पुढून जाड थर दिला तर काय बिघडतं? पक्कं तर होतं.

चुनखडी

पक्कं होतं म्हणूनच. मागचं पाणी दगडांच्या सांध्यांतून बाहेर यायचं, ते बंद होतं. रेटा वाढतो. काळी माती हलते तेव्हा चुना थोडा सैल देतो, सिमेंट देत नाही, मग दगडाची कोर फुटते. क्षार वेगळेच. आणि नंतर काढायला गेलात तर दगडाचा पापुद्रा घेऊनच निघतं.

पैसा आहे म्हणून घाईनं काही लावायचं याचं उदाहरण आपल्या जिल्ह्यांशेजारीच आहे. निजामाच्या राज्यानं १९२० च्या सुमारास इटलीहून तज्ज्ञ बोलावून अजिंठ्याच्या चित्रांवर लाखेचं वॉर्निश दिलं. हेतू चांगला, माणसं नामांकित, खर्च भरपूर. थर पिवळा पडला, पोपडे धरू लागला, आणि पुढच्या पिढ्या तो उतरवत बसल्या.

ताळेबंद

बारवेला टेकाडापेक्षा एक दार जास्त आहे. वित्त आयोगाच्या बंधित (ठरावीक कामांपुरत्या) निधीत पाणीसाठ्याची कामं बसतात. ग्रामपंचायत आराखड्यात ‘पारंपरिक जलस्रोताचे पुनरुज्जीवन’ म्हणून घ्या. दर जिल्हा दरसूचीतलेच लावा. पण दरसूचीत चुन्याची बाब सापडत नाही म्हणून अभियंता सिमेंट मसाला १:६ टाकून मोकळा होतो, ते सही होण्याआधी वाचा. चुन्याच्या बाबीला दरपृथक्करण (दर कसा काढला त्याचा हिशेब) जोडावं लागतं, ते पुरातत्त्व खात्याच्या एखाद्या जुन्या अंदाजपत्रकावरून बेतता येतं.

आठ-अ

बारवेच्या काठानं रस्ता किंवा शाळेची वाट जाते का? जात असेल तर आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा विचार करा. धोक्याच्या प्रसंगी बचाव आणि मदतीसाठी जिल्हा प्राधिकरणाला निविदेशिवाय साहित्य घेता येतं, कलम ५०. वारशासाठी नाही, माणसांच्या जिवासाठी.

फक्त शब्द जपून. ‘भिंत धोकादायक असून जीवितास धोका आहे’ एवढंच लिहिलंत तर उत्तर येतं : पाडून टाका. तेही निविदेशिवाय, दुसऱ्या दिवशी. ‘रहदारीस धोका असून भिंतीस तात्पुरता आधार देऊन व रस्ता वळवून धोका दूर करावा, भिंत पाडू नये’ असं एकाच वाक्यात लिहा. दोन वाक्यं केली तर दुसरं टिपणीत येत नाही.

पांढरीवाला

वाट जाते, अंगणवाडीची. तर भाग ‘अ’ असा धरतो : टेकाड १,८०० पोती, कापड ६० मीटर लांब ४ मीटर रुंद, मुरूम १६ ब्रास. बारव ४८० पोती, मुरूम ५ ब्रास, गोणपाट, फळ्या, ताडपत्री. पोती गावातच चालू बांधकामांवरून मिळतील. मुरूम टेकाडाच्या मागच्या अंगाला भरपूर आहे, वाहतूक वाचेल.

खापरखुंटी

मागच्या अंगाचा तो मुरूम नसावा. टेकाडाच्या उतारावर जे भुसभुशीत, खडेमिश्रित दिसतं ते बहुतेक विटांचा चुरा आणि खापरंच असतात. जरासं उकरून बघा, लाल तुकडे निघाले तर हात लावू नका.

चुनखडी

शिवाय पांढरी आणि काळी माती पोत्यात चालतच नाही, भिजली की घसरते. परवाना असलेल्या खाणीचा मुरूम घ्या, पावती ठेवा, नाहीतर ४८(७) तुमच्यावरच लागेल. आणि कापडाच्या लांबीत जोडाचे ३० सेंटीमीटर धरलेले नाहीत. ते गुंडाळ्यांच्या लांबीवर आहे : १५ मीटरच्या चार घेतल्यात तर तीन जोड, ९० सेंटीमीटर कमी पडेल. वरच्या टोकाला काठात वळवायला आणखी ३ मीटर. ६४ मीटर लिहा.